दिवसाला सहा ओले लंगोट

लंगोट बांधणे ही काय शिकायची गोष्ट आहे, असे कोणी म्हणेल. आपल्या आज्यांना कुणी शिकवले होते? खरे आहे. पण आज्यांच्या वेळी घरात सुती धोतरे होती, सुती लुगडी होती आणि हाताशी चार बायका होत्या. आता गावात धोतर नेसणारे बोटावर मोजण्याइतके उरले. साड्या नायलॉनच्या आल्या. मुलगा आणि सून वाळूजच्या कारखान्याजवळ एका खोलीत राहतात आणि आजी राहते गावाकडे. मग बाळ झाले की पहिला प्रश्न पडतो, कापड कोणते घ्यावे? म्हणून पहिल्यापासून सांगतो.

बाळाला आधी जुने कापड घालावे, ही आपली रीत फार चांगली. जुन्या कापडातली खळ निघून गेलेली असते. ते मऊ असते आणि पाणी लगेच पिते. नवे कापड पाणी ढकलते. पण जुने म्हणजे सुतीच हवे. सुती कसे ओळखाल? कापडाच्या कडेचा एक दोरा काढा आणि चुलीपाशी काडीने पेटवा. सुती दोरा कागदासारखा जळतो आणि त्याची राख होते. नायलॉनचा दोरा वितळतो आणि त्याची कडक गोळी होते. गोळी झाली तर ते कापड लंगोटाला नको.

आता हिशेब करू. नऊवारी लुगडे नऊ वार लांब असते. एक वार म्हणजे ३६ इंच. नऊ छत्तीस तीनशे चोवीस. म्हणजे लांबी ३२४ इंच. पन्हा साधारण ४५ इंच. लंगोटाला २२ इंच लांब, २२ इंच रुंद असा चौकोन पुरतो. पन्ह्यात दोन बसतात आणि लांबीत चौदा. एकूण २८ झाले. काठ टोचतो, तो सोडा. विरलेला भागही सोडा. तरी एका लुगड्यात २० लंगोट निघतात. दुसऱ्या लुगड्याची दुपटी करा. एवढ्यावर बाळाचे पहिले तीन महिने निघतात आणि खर्च होतो फक्त दोऱ्याच्या रिळाचा.

एक गोष्ट मात्र जपा. जुने कापड ट्रंकेतून काढले आणि त्याला डांबराच्या गोळ्यांचा वास असला, तर ते तसेच बाळाला गुंडाळू नका. काही मुलांच्या रक्तात जन्मापासून एक उणीव असते. ती वरून दिसत नाही. अशा मुलाला त्या गोळ्यांचा वास लागला की रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात आणि जोराची कावीळ होते. ती मेंदूवर गेली तर मूल जन्मभर अधू होऊ शकते. आपले मूल तसे आहे की नाही, हे आपल्याला कळत नाही. म्हणून त्या ट्रंकेतले कापड बाळासाठी घेऊच नये, हे बरे. बाळाच्या कपड्यांत तर या गोळ्या कधीच ठेवू नका.

बांधायचा प्रकार सोपा आहे. चौकोन तिरपा दुमडा, म्हणजे त्रिकोण होईल. लांब बाजू कमरेखाली घ्या. मधले टोक दोन पायांमधून वर आणा. बाजूची दोन टोके पोटावर आणून हलकी गाठ मारा. गाठ बाजूला यावी, मधे नको. कापडाखाली आपली दोन बोटे सहज जावीत, इतके सैल हवे. टाचणी तर नकोच. नाळ अजून गळली नसेल, तर लंगोट बेंबीच्या खाली दुमडा. नाळ उघडी आणि कोरडी राहिली पाहिजे. तिला हळद, तेल, राख काही लावू नका. ती साधारण एक-दोन आठवड्यांत आपोआप गळते.

बाळाच्या मांड्या बेडकासारख्या फाकलेल्या असतात. त्या तशाच राहू द्या. कित्येक घरी पाय सरळ व्हावेत म्हणून दोन्ही पाय जुळवतात आणि दुपट्यात करकचून आवळतात. पाय त्याने सरळ होत नाहीत. उलट खुब्याचा सांधा निसटायची भीती असते. दुपटे छातीपाशी नीट गुंडाळा आणि खाली पायांना हलवायला जागा ठेवा.

आता मुख्य गोष्टीकडे येतो.

लंगोट नुसता घाण टिपायला नाही. बाळाला बोलता येत नाही. त्याचे पोट भरले की नाही, हे लंगोट सांगतो. पहिल्या दिवशी एखादा लंगोट ओला होतो, दुसऱ्या दिवशी दोन, तिसऱ्या दिवशी तीन. आईला दूध उतरू लागले की आकडा वाढतो. सहाव्या दिवसापासून चोवीस तासांत निदान सहा लंगोट ओले व्हायला हवेत. सहा ही खालची मर्यादा झाली. बारा झाले, पंधरा झाले, तर आनंदच आहे. धुणारा कंटाळेल, पण बाळ धडधाकट आहे.

ही काही माझी कल्पना नव्हे. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी १९९५ साली ३९ खेड्यांत नवजात बाळांची घरी जाऊन काळजी घ्यायचे काम सुरू केले. गावातल्याच, थोडे शिकलेल्या बायकांना त्यांनी शिकवून तयार केले. बाळाला ऊब कशी द्यावी, दूध कसे पाजावे, दुखणे कसे ओळखावे, हे त्या बायका शिकल्या. तीन वर्षांत त्या गावांतले नवजात बाळांचे मरण निम्म्याहून कमी झाले. पुढे २०११ साली सरकारने हीच रीत देशभर घेतली. म्हणून बाळ झाल्यावर आशाताई आपल्या घरी येते. दवाखान्यात बाळंतपण झाले असेल, तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी येते. तिच्या हातात एक छापील कागद असतो. त्यावर एक प्रश्न असा आहे, की बाळ सारखे रडते का, किंवा दिवसात सहापेक्षा कमी वेळा शू करते का? दुसरा प्रश्न आहे, की मांडीच्या, काखेच्या, ढुंगणाच्या घडीत चिरा किंवा लाली आहे का? दोन्ही उत्तरे लंगोट बदलणाऱ्यालाच ठाऊक असतात.

तेव्हा मोजायला शिका. तुम्ही आता लिहिता-वाचता आहात. बाळाच्या नावाने एक वही करा. तारीख लिहा आणि पुढे प्रत्येक ओल्या लंगोटाला एक उभी रेघ ओढा. चार रेघा झाल्या की पाचवी त्यांच्यावरून आडवी मारा. शी झाली तर गोल काढा. आईच्या हातात बाळ असते, म्हणून हे काम आजोबांनी करावे. त्यांना वेळही असतो.

शीचा रंगही बघा. पहिले दोन-तीन दिवस ती काळी आणि डांबरासारखी चिकट असते. घाबरू नका, तशीच असते. मग हिरवट होते आणि पाचव्या दिवसापर्यंत मोहरीसारखी पिवळी होते. ती पातळ असते आणि कधी दर पाजण्याला होते. अंगावर पिणाऱ्या बाळाची ती रीतच आहे, ते जुलाब नव्हेत. पण जन्मल्यावर एक दिवस उलटला आणि शी झालीच नाही, किंवा पुढे शी पांढरी, खडूच्या रंगाची झाली, किंवा रक्त पडले, तर तो लंगोट धुऊ नका. तो घेऊनच दवाखान्यात जा. डॉक्टरला दाखवायला तो लागतो.

उन्हाळ्याचे सांगायलाच हवे. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर जातो. पत्र्याच्या खोलीत तर भट्टीच होते. आजी म्हणते, "लेकराचा घसा सुकला, दोन चमचे पाणी द्या." मायेनेच म्हणते. पण सहा महिन्यांपर्यंत बाळाला पाणी नको, साखरपाणी नको, मध आणि घुटीही नको. आईच्या दुधात भरपूर पाणी असते. पाण्याने पोट भरले की बाळ दूध कमी ओढते आणि मग आईचे दूधही कमी होते. ऊन वाढले, तर आईला पाणी जास्त द्या आणि बाळाला छातीशी जास्त वेळा घ्या. लंगोट सहाच्या खाली आले, तर दर दोन तासांनी पाजा. तरी रेघा वाढल्या नाहीत, तर आशाताईला निरोप पाठवा. शू गडद पिवळी होत असेल, बाळ मलूल पडले असेल, ओढत नसेल, टाळू खोल गेली असेल किंवा अंग तापले असेल, तर निरोपाचीही वाट बघू नका. १०२ नंबरला फोन लावा. वर्षाच्या आतल्या आजारी बाळाला सरकारी गाडीने फुकट नेतात. प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. तिथून पाठवले, तर घाटीत जा.

आता धुण्याचे बघू. यात आपल्या लोकांचा एक मोठा गैरसमज आहे. "दुधावरचं लेकरू, त्याच्या शीला काय घाण म्हणायची?" असे म्हणतात आणि लंगोट हातपंपाच्या ओट्यावर पिळतात. बाळाची शी मोठ्यांच्या शीइतकीच रोग पसरवते. तेच पाणी झिरपून परत पिण्यात आले, की गल्लीतल्या पोरांना जुलाब. म्हणून शी आधी संडासात झटका आणि लंगोट संडासातच तांब्याभर पाण्याने खळबळा. मग तो झाकणाच्या बादलीत टाका. विहिरीवर, हातपंपावर, नदीवर नेऊ नका. नंतर साबणाने हात धुवा. नुसते पाणी ओतून हात स्वच्छ होत नाहीत.

शूचे लंगोट वेगळे ठेवा. ते साध्या पाण्यातून काढा, मग साबणाने धुवा आणि साबण पुरता निघेपर्यंत खळबळा. साबण राहिला की कातडी लाल होते. शीचे लंगोट कडक पाण्यात भिजवून धुवा. जुलाब लागले असतील, तर उकळा. नीळ नको, खळ नको. मग कडक उन्हात वाळवा. ऊन फुकट आहे आणि आपल्याकडे ते भरपूर आहे. वाळलेला लंगोट घरात घेताना दोनदा झटका. मुंगी असते, कधी विंचूही निघतो. पावसाळ्यात घरात दोरी बांधा. दमट राहिला, तर इस्त्री फिरवा. ओलसर लंगोट मात्र बाळाला बांधू नका.

पाण्याचा प्रश्न आहेच, तो लपवून चालणार नाही. आपला मुलूख तुटीचा. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे आपण बघितले. टँकरच्या गावात रोज लंगोट धुणे सोपे नाही. म्हणून घरच्या धुण्याचे शेवटचे, स्वच्छ पाणी शूच्या लंगोटाच्या पहिल्या धुण्याला वापरा. शेवटचे खळबळणे तेवढे ताज्या पाण्यात करा.

दुकानातल्या डायपरला माझा विरोध नाही. एस.टी.चा लांबचा प्रवास असला, दवाखान्यात राहायचे असले, किंवा घरात पाण्याचा थेंब नसला, तर खुशाल वापरा. पण तो स्वस्त नाही आणि त्यात शू दिसत नाही. पाच वेळा झाली की दोन वेळा, हे कळत नाही. पहिल्या महिन्यात मोजणे महत्त्वाचे, म्हणून तेव्हा तरी कापड बरे. डायपर घातला, तर तीन-चार तासांत बदला. भरला नाही म्हणून दिवसभर ठेवू नका. टाकताना शी संडासात झटका आणि डायपर कागदात गुंडाळून कचऱ्याच्या गाडीत द्या. संडासात टाकला तर तुंबतो. नाल्यात टाकला तर कुत्री ओढतात. जाळला तर विषारी धूर होतो. त्यात प्लॅस्टिक असते, ते कुजत नाही. आपल्या शहराचा कचरा कित्येक वर्षे नारेगावला पडत होता. फेब्रुवारी २०१८ मध्ये तिथल्या गावकऱ्यांनी गाड्या अडवल्या आणि शहरात रस्तोरस्ती ढीग साचले. तेव्हा कळले, की आपण टाकलेले कुणाच्या तरी दारात जाऊन पडते.

लाली आली, तर काय करावे? लंगोट काढून बाळाला दिवसातून दोन-चार वेळा उघडे निजवा. खाली मेणकापड आणि त्यावर दुपटे घाला. मेणकापड अंगाला गुंडाळू नका, त्याने घाम कोंडतो. पाण्याने पुसा, कोरडे करा आणि खोबरेल तेलाचे बोट लावा. मुलीला पुढून मागे पुसा, मागून पुढे नको. पावडर लावू नका, ती श्वासातून छातीत जाते. दोन-तीन दिवसांत उतरले नाही, किंवा घडीत लाल पुटकुळ्या आल्या, तर दाखवा. दुकानातली मलमे आपल्या मनाने चोपडू नका.

शेवटी धुणार कोण? बाळंतिणीने वाकून पिळत बसू नये, तिला विश्रांती हवी. सासू थकलेली असते. उरला बाप. बापाने लंगोट धुतले, तर मिशी गळून पडत नाही. कामावर जायच्या आधी अर्धा तास पुरतो आणि संध्याकाळी रेघा मोजायचे काम आजोबांकडे आहेच.

सराव. बाळ दहा दिवसांचे आहे. वहीत सोमवारी ८ रेघा, मंगळवारी ७, बुधवारी ४ आहेत. तीन दिवसांच्या मिळून किती रेघा झाल्या? कोणत्या दिवशी दर दोन तासांनी पाजायला सांगाल? गुरुवारी दुपारपर्यंत एकच रेघ आहे आणि बाळ मलूल आहे. तुम्ही काय कराल, ते चार ओळींत लिहा.