धाकट्याचे बूट

मुलांनो, असे समजा की तुम्ही सोलापूरच्या शुक्रवार पेठेत राहता. ईद आठ दिवसांवर आली आहे. तुमच्या 3 वर्षांच्या धाकट्या भावाला नवे बूट घ्यायचे आहेत; पण घरात सर्वांना एक काळजी आहे. धाकट्याचे तळवे सपाट दिसतात. त्याचे जुने बूट आतल्या बाजूने झिजले आहेत. शेजारीण म्हणते, "याचे पाय कमजोर आहेत. उंच, कडक बूट घाला, म्हणजे सरळ होतील." दादी म्हणतात, "बूट दोन नंबर मोठेच घ्या. पुढच्या ईदलाही चालतील." अब्बा मनातल्या मनात हिशेब करतात. आता कोणाचे ऐकावे?

बाजारात जाण्यापूर्वी घरीच एक परीक्षा करा. धाकट्याचे पाय ओले करून त्याला कोरड्या शहाबादी फरशीवर उभे करा. पूर्ण तळव्याचा ठसा उमटला तरी घाबरू नका. लहान मुलांच्या तळव्यात चरबीचा मऊ थर असतो, म्हणून तळपायाची कमान दिसत नाही. ती हळूहळू, साधारण 6 ते 10 वर्षांपर्यंत तयार होते. आता एखादे फळ उंच धरा आणि धाकट्याला ते घ्यायला सांगा. तो चवड्यांवर उभा राहताच कमान दिसली, तर पाऊल लवचीक आहे. असे पाऊल दुखत नसेल, तर बहुधा त्याला इलाजाची गरज नसते.

मग कडक बुटांनी पाय सुधारतो का? हा प्रश्न डॉक्टरांनाही पडला होता. अमेरिकेतील काही डॉक्टरांनी सपाट पावलांच्या लहान मुलांना 3 वर्षे तपासले. काही मुलांना खास बूट दिले, काहींना दिले नाहीत. शेवटी दोन्ही गटांत फरक दिसला नाही. हा अभ्यास 1989 साली प्रसिद्ध झाला. 1992 साली कर्नाटकातील मणिपाळच्या डॉक्टरांनी 2300 मुलांच्या पावलांचे ठसे तपासून अभ्यास प्रसिद्ध केला. पादत्राणे वापरणाऱ्या मुलांत सपाट पावलांचे प्रमाण शेकडा 8.6 होते. अनवाणी राहणाऱ्या मुलांत ते शेकडा 2.8 होते.

यावरून काय समजते? पायाला ताकद चालण्याने, धावण्याने आणि खेळण्याने येते. बूट पायाला फक्त जपतो. म्हणून घरात धाकट्याला अनवाणी खेळू द्या. बाहेर मात्र काचा आणि खिळे असतात. सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा 40 अंशांच्या वर जातो आणि डांबरी रस्त्यावर पाय भाजतात. तेथे पादत्राणे हवीतच.

बूट घ्यायला शक्यतो संध्याकाळी जा, कारण दिवसभरात पाऊल किंचित फुगते. दोन्ही पायांत बूट घालून धाकट्याला उभे करा. सर्वांत लांब बोटापुढे सुमारे 1 सेंटिमीटर जागा असावी. टाचेकडचा भाग दाबून पाहा; तो मजबूत असावा. बूट चवड्याजवळ सहज वाकावा, मधोमध वाकू नये. तळ घसरणारा नसावा. पाऊल धरून ठेवण्यासाठी पट्टा किंवा नाडी असावी. एवढे असले की बूट महागडा नसला तरी चालतो.

दोन नंबर मोठ्या बुटात पाऊल मागेपुढे सरकते. मूल अडखळते आणि पडते. तसेच, दुसऱ्याचे झिजलेले बूट धाकट्याला देऊ नका. लहान मुलाचे पाऊल भराभर वाढते, म्हणून दर दोन-तीन महिन्यांनी बोटापुढची जागा तपासा.

काही खुणा मात्र कधीही दुर्लक्षित करू नका. पाय दुखतो, पाऊल ताठ आहे किंवा एकाच पायात दोष आहे. मूल दीड वर्षाचे झाले तरी चालत नाही. ते नेहमी चवड्यांवर चालते, वारंवार पडते किंवा जमिनीवरून उठताना हातांनी मांड्यांचा आधार घेते. अशा वेळी बुटाच्या दुकानात नव्हे, डॉक्टरांकडे जा. सोलापूरच्या सिव्हिल हॉस्पिटलात हाडांचे डॉक्टर असतात. 2013 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतील आणि सरकारी शाळांतील मुलांची तपासणी होते. ज्या मुलाचे पाय खरोखरच कमजोर आहेत, त्याला डॉक्टर मापाचा आधार किंवा खास बूट देतात. ते त्यांच्या सल्ल्यानेच वापरावेत.

आता दादींशी बोला, पण अदबीने. त्यांना पैशांची काळजी आहे आणि ती खरी आहे. म्हणा, "दादी, साधेच बूट घेऊ, पण मापाचे घेऊ." मग ईदच्या सकाळी धाकटा अब्बांचे बोट धरून न अडखळता चालेल. ते पाहून सर्वांत आधी दादीच खूश होतील.

स्वाध्याय
1. पाऊल लवचीक आहे हे कसे ओळखावे?
2. दोन नंबर मोठे बूट घेतल्याने कोणते नुकसान होते?
3. कोणत्या खुणा दिसल्यास डॉक्टरांकडे जावे?
4. घरातील लहान मुलाचे बूट तपासा आणि काय आढळले ते पाच वाक्यांत लिहा.