कंबरदुखी आणि कानातले सूर

‘डॉक्टर, मोबाइलवर ते आवाज ऐकले की कंबर दुखायची थांबते म्हणे, खरं का?’ हल्ली हे बरेच जण विचारतात. विचारणाऱ्याच्या कमरेला बहुधा पट्टा असतोच.

आधी ते आवाज म्हणजे काय ते पाहू. एका कानात 400 हर्ट्झचा सूर सोडतात, दुसऱ्यात 410 चा. तानपुऱ्याच्या दोन तारा जेमतेम जुळायच्या राहिल्या की आवाजात हेलकावा येतो, तसाच हेलकावा इथेही ऐकू येतो, सेकंदाला 10 वेळा. फरक इतकाच, की तो हवेत नसतोच. दोन्ही कानांचे संदेश मेंदूच्या बुंध्यात एकत्र येतात आणि तिथे तो तयार होतो. म्हणून इअरफोन दोन्ही कानांत हवेत. स्पीकरवर ही गंमत उरत नाही. जर्मन शास्त्रज्ञ हाइनरिख डोव्ह यांनी 19व्या शतकातच हे टिपलं होतं.

डोळे मिटून निवांत बसल्यावर मेंदूत 8 ते 13 हर्ट्झच्या अल्फा लहरी वाढतात. बाहेरून तोच ठेका दिला की मेंदूही तो धरेल, असा दावा आहे. काही प्रयोगांत तसं दिसलं, काहींत नाही. वेदना थोडी कमी झाल्याचे अभ्यास आहेत, पण बहुतेक लहान.

मग ऐकावं का? ऐका, पण फुकटातलं. यासाठी महागडं यंत्र घेऊ नका. तीन महिन्यांहून जुन्या दुखण्यात नसा हळव्या होतात, झोप उडते, वाकायची धास्ती बसते. मन शांत झालं तर यात थोडा उतार पडू शकतो. मणक्यातली सरकलेली चकती मात्र सुरांनी जागेवर येत नाही. रात्री अर्धा तास, बारीक आवाजात पुरे. गाडी चालवताना नको. फिट येत असतील तर आधी विचारा. आणि एखाद्या आवडत्या रागानेही तितकंच बरं वाटत असेल, तर खुशाल राग ऐका.

खरा भर चालण्यावर आणि व्यायामावर द्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2023 च्या मार्गदर्शनातही जुन्या कंबरदुखीसाठी व्यायाम आहे. पट्टा आणि वजन लावून ताण देणं मात्र नेहमीच्या उपचारांत नको म्हटलंय.

लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, बसायच्या जागी बधिरपणा आला, पायातली ताकद गेली, तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. ताप येत असेल किंवा वजन उगाच घटत असेल, तरी तपासणी लांबवू नका.