शांततेचे पहारेकरी

दोघांचे भांडण जुंपले म्हणजे ते सोडविण्यास तिसरा माणूस लागतो. परंतु हा तिसरा होणे सोपे नसते. तो एकाची बाजू घेऊ लागला, तर दुसऱ्याचा त्याच्यावरील विश्वास उडतो. कोणाचीच बाजू न घेता मध्ये उभा राहिला, तर पुष्कळदा दोघांचेही फटके त्यालाच खावे लागतात. शिवाय भांडण थांबले म्हणजे सलोखा झाला, असेही नव्हे. बीडसह मराठवाड्याचे पाच जिल्हे पूर्वी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. सप्टेंबर १९४८ मध्ये भारतीय सैन्याने केलेली कारवाई पाच दिवसांत संपली आणि रझाकारांच्या जुलमातून प्रजा मुक्त झाली. तरी मराठवाड्यातील कित्येक गावांत सूडाचा अग्नी त्यानंतरही धुमसत राहिला व त्यात निरपराध माणसे होरपळली. भयाने घर सोडून गेलेल्या शेजाऱ्याला परत बोलवावे आणि त्याने निर्धास्तपणे आपल्या ओट्यावर येऊन बसावे, यासाठी शस्त्रांहून निराळे बळ लागते.

असे बळ परक्या भूमीवर दाखविण्याचा प्रसंग पुढे पाचच वर्षांनी भारतीय सैनिकांवर आला. ती भूमी कोरियाची, आणि त्या सैनिकांचे सेनानी होते कोल्हापूरकडील वडगावचे सुपुत्र मेजर जनरल शंकरराव थोरात.

२५ जून १९५० रोजी उत्तर व दक्षिण कोरियात युद्ध पेटले. उत्तरेच्या मदतीस पुढे चीन आला; दक्षिणेच्या बाजूने संयुक्त राष्ट्रसंघाच्या नावाने अमेरिका व इतर देश लढू लागले. भारताने या युद्धात लढण्यासाठी सैन्य पाठविले नाही. पाठविले ते एक फिरते लष्करी रुग्णालय. लेफ्टनंट कर्नल रंगराज हे त्याचे प्रमुख होते. कडाक्याच्या थंडीत, रणभूमीलगत, या पथकाने जखमी सैनिकांबरोबर तेथील नागरिकांवरही उपचार केले. तोफांच्या गडगडाटात भारताने उच्चारलेला पहिला शब्द हा असा सेवेचा होता.

२७ जुलै १९५३ रोजी पानमुनजोम येथे युद्धविराम झाला. पण एक अवघड प्रश्न शिल्लक उरला. दोन्ही बाजूंकडे हजारो युद्धकैदी होते. त्यांतील सुमारे बावीस हजार सहाशे चिनी व उत्तर कोरियन कैदी मायदेशी परतण्यास राजी नव्हते. दुसऱ्या बाजूकडेही असे साडेतीनशेहून अधिक कैदी होते. त्यांना बळाने परत धाडावे काय? की त्यांच्या इच्छेप्रमाणे सोडून द्यावे? या प्रश्नासाठी पाच तटस्थ राष्ट्रांचा एक आयोग नेमण्यात आला. त्याचे अध्यक्षपद भारताचे लेफ्टनंट जनरल थिमय्या यांच्याकडे आले, आणि कैद्यांना सांभाळण्याची कामगिरी थोरातांच्या सुमारे सहा हजार सैनिकांकडे सोपविली गेली.

या पाहुण्यांचे स्वागत मात्र झाले नाही. दक्षिण कोरियाच्या सरकारने त्यांना आपल्या भूमीवर पाऊल ठेवू देण्याचे नाकारले. तेव्हा जहाजांवरून हेलिकॉप्टरांतून त्यांना थेट दोन्ही सैन्यांमधील निर्लष्करी पट्ट्यात उतरविण्यात आले. तेथे त्यांनी तंबू ठोकले आणि आपल्या वसाहतीला ‘हिंदनगर’ असे नाव दिले.

कैद्यांच्या मनात संशय खदखदत होता. भारतीय आपल्याला शत्रूच्या हवाली करतील, अशी त्यांना धास्ती वाटे. सप्टेंबरच्या अखेरीस एके दिवशी एका चिनी छावणीतील कैद्यांनी मेजर ग्रेवाल या भारतीय अधिकाऱ्यास आत ओढून नेले व ओलीस धरले. बाहेर सशस्त्र सैनिक सज्ज होते. एका हुकुमासरशी गोळ्या सुटल्या असत्या. पण मग ग्रेवाल वाचले नसते, शेकडो कैदी प्राणास मुकले असते आणि कदाचित विझत आलेले युद्धही पुन्हा भडकले असते. थोरातांनी तो हुकूम दिला नाही. मोजके सहकारी बरोबर घेऊन ते स्वतः कुंपणाच्या आत गेले.

भोवती संतप्त जमाव आरडाओरडा करीत होता. थोरात शांत राहिले. चिनी लोकांकडे आपण पूर्वी पाहुणचार घेतला आहे, पण पाहुण्याला साधा चहा वा सिगारेटही न विचारणारे यजमान आज प्रथमच पाहत आहोत, असे ते हसत म्हणाले. जमावात हशा पिकला. कोणी सिगारेट पुढे केली, चहा आला, आणि बोलणे सुरू झाले. अखेर ग्रेवाल सुखरूप बाहेर आले. आतिथ्याचा संस्कार रागाच्या राखेखालीही जिवंत असतो, हे थोरातांनी ओळखले होते.

प्रत्येक वेळी मात्र असे यश लाभले नाही. ऑक्टोबरच्या आरंभी उसळलेल्या दंगलींत पहारेकऱ्यांना गोळीबार करावा लागला व काही कैदी मृत्युमुखी पडले. आपल्या कामावर दोन्ही पक्षांची टीका भारतीयांना सोसावी लागली. परतण्याविषयी कैद्यांची समजूत घालण्यासाठी नव्वद दिवसांची मुदत होती; परंतु बहुतेकांनी आपला निश्चय बदलला नाही. जानेवारी १९५४ मध्ये त्यांना ज्या बाजूकडून ताब्यात घेतले होते, तिच्याच स्वाधीन करण्यात आले. दोन्ही बाजू नाकारणारे ऐंशीहून अधिक कैदी भारतीय सैनिकांबरोबर भारतात आले. कालपर्यंत ज्यांचा संशय वाटत होता, त्यांच्याच देशाचा आश्रय त्यांना घ्यावासा वाटला!

कोरियात अद्यापही शांततेचा तह झालेला नाही; आहे तो केवळ युद्धविराम. मग या पहारेकऱ्यांनी काय मिळविले? त्यांनी हजारो माणसांचे प्राण राखले आणि सूड व सलोखा यांच्यामध्ये थोडा अवधी मिळवून दिला. जखम भरून येण्यास काळ लागतो. पण तोवर तिच्यावर पट्टी बांधून, ती पुन्हा चिघळू नये म्हणून कोणीतरी जागे राहावे लागते. गावातील असो वा जगातील, तिसऱ्या माणसाचे काम ते हेच होय.

शब्दार्थ
तटस्थ : कोणाचीही बाजू न घेणारा. ओलीस : मागणी मान्य व्हावी म्हणून अडकवून ठेवलेला मनुष्य. निर्लष्करी पट्टा : जेथे कोणाचेही सैन्य ठेवावयाचे नाही असा भूभाग. आतिथ्य : पाहुणचार.

स्वाध्याय
१. भारताने कोरियात प्रथम कोणत्या प्रकारची मदत पाठविली?
२. थोरातांनी गोळीबाराचा हुकूम का दिला नाही?
३. ‘भांडण थांबले म्हणजे सलोखा झाला, असे नव्हे,’ हे विधान पाठातील दोन उदाहरणांनी स्पष्ट करा.
४. तुमच्या गावातील वा वर्गातील एखादे भांडण मिटविणाऱ्या व्यक्तीविषयी दहा ओळी लिहा.