स्ट्राँग बिअर आणि स्ट्राँग एल

प्रश्न : आपल्याकडची ‘स्ट्राँग’ बिअर आणि परदेशातली ‘स्ट्राँग एल’ एकच का?

उत्तर : नाही. आपल्याकडच्या बहुतेक स्ट्राँग बिअर लागर जातीच्या. लागरचं यीस्ट १० अंश सेल्सिअसच्या आसपास, थंडाव्यात सावकाश काम करतं. एलचं यीस्ट २० अंशांच्या आसपास झपाट्याने आंबवतं आणि फळांसारखा वास मागे ठेवतं.

स्ट्राँग एल ही एकच बिअर नसून अख्खं कुळ आहे. इंग्लंडची ओल्ड एल आणि बार्ली वाइन, स्कॉटलंडची वी हेवी, बेल्जियमची ट्रिपल ही त्यातली ठळक नावं. बार्ली वाइनमध्ये द्राक्षं नसतात. भरपूर माल्ट वापरून मद्यार्क साधारण ८ ते १२ टक्क्यांपर्यंत नेतात. ती वर्षानुवर्षं मुरवताही येते. ट्रिपलमध्ये मात्र साखर घालतात, त्यामुळे ती कडक असूनही जड लागत नाही.

रंगावर जाऊ नका. बेल्जियमची डुव्हेल फिकट सोनेरी, तरी ८.५ टक्के, काळीकुट्ट गिनेस ड्राफ्ट सव्वाचार टक्क्यांच्या आसपासच. स्ट्राँग एल बर्फगार केली तर तिचा वास दबतो. ती लहान ग्लासात, घोट घोट घ्यावी. आणि बाटली उघडण्याआधी लेबलवरचा टक्का जरूर वाचा.