लक्षणगीतें रचणारा पंडित

हंगेरी देशाचा संगीतकार व शिक्षक झोल्तान कोदाय (१८८२-१९६७) ह्यानें खेडोपाडीं हिंडून लोकगीतें टिपलीं व त्यांच्या आधारें मुलांस गावयास शिकविलें. आपल्या मोहन्याहून फार दूर नसलेल्या मुंबईंतही असा एक रचनाकार-शिक्षक होऊन गेला. पंडित विष्णु नारायण भातखंडे ह्यांचा जन्म १८६० सालीं वाळकेश्वर येथें झाला. व्यवसायानें ते वकील.

त्या काळीं उत्तम चीज ही घराण्याची ठेव असे. उस्ताद ती पुत्रास देई, परक्यास क्वचितच. आणि कित्येकदां ती उस्तादाबरोबरच मातींत जाई. भातखंड्यांनीं देशभर प्रवास करून, गवयांची मनधरणी करून अशा चिजा मिळविल्या व स्वरलिपींत उतरविल्या. कोमल स्वराखालीं आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र स्वराखालीं व तार स्वरावर टिंब. पाटीवरही लिहितां यावींत इतकीं हीं चिन्हें सोपीं! 'क्रमिक पुस्तकमालिके'चे सहा भाग हें ह्या श्रमांचें फळ.

मला मात्र अधिक मोल वाटतें तें त्यांच्या लक्षणगीतांचें. रागांत वर्ज्य स्वर कोणते, वादी कोणता, गावयाची वेळ कोणती, हें सारें त्याच रागांत बांधलेलें; मूल गाऊं लागलें कीं नियम पाठ झालाच. 'चतुर' हें त्यांचें टोपणनांव. रसिक ह्या गीतांस रुक्ष म्हणतात, व काव्य म्हणून तीं तशीं आहेतही. पण पाढे तरी कोठें रसाळ असतात?

१९२६ सालीं लखनौस मॅरिस कॉलेज निघालें, तेथें हीच पद्धति चालली. पंडितजी १९३६ सालीं निवर्तले. पुढें त्या विद्यालयास त्यांचेंच नांव देण्यांत आलें.