सिलॅबसबाहेरचं शिरोळ

सबमिशनच्या दिवसांत कुणी 'वाचन करा' म्हटलं की डोकं फिरतं, हे मला ठाऊक आहे. म्हणून वाचनाचे फायदे वगैरे मी सांगणार नाही. एक प्रश्न घेते आणि त्याच्याभोवती काही पुस्तकं मांडते. कथा-कादंबरी नाही, सगळी खऱ्या गोष्टींची.

प्रश्न आपल्या दारातलाच आहे. शिरोळ म्हणजे कृष्णा-पंचगंगेचा तालुका, नृसिंहवाडीला दोघींचा संगम. पाणी भरपूर, ऊस भरपूर. तरीपण अधूनमधून पांढरी पडलेली क्षारपड रानं दिसतात. कारण सोपं आहे: काळ्या जमिनीचा निचरा कमी, उसाला पाणी जास्त, त्यामुळे जमिनीखालची पातळी वर येते. क्षार पाण्याबरोबर वर चढतात, पाणी उडून जातं आणि मीठ मागे उरतं. उपायही आहे. जमिनीत सच्छिद्र पाइप पुरून खारं पाणी बाहेर काढायचं. आपल्या तालुक्यात असं कामही झालंय. सिव्हिलवाला इथे थांबतो. पण सुधारलेल्या रानात शेतकरी परत ऊसच का लावतो? हे आपल्या एकाही टेक्स्टबुकात नाही.

मला याचं उत्तर थेट अमेरिकेत सापडलं. वीणा गवाणकरांचं 'एक होता कार्व्हर' हे पुस्तक १९८१ साली आलं. गुलामगिरीत जन्मलेला जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर १८९६ मध्ये अलाबामातल्या टस्कीगीला शिकवायला गेला, तेव्हा कापसावर कापूस घेऊन तिथली जमीन पार दमलेली. त्याने चवळी, भुईमूग, रताळी लावायला सांगितली. जमीन सुधारली, पण ढिगाने पिकलेला भुईमूग घेणार कोण? मग तो प्रयोगशाळेत शिरला आणि भुईमुगापासून काय काय बनवता येईल ते शोधत बसला. आपल्याकडे उसाला कारखाना आहे, ठरलेला दर आहे. दुसऱ्या पिकाला हे दोन्ही नसेल तर नुसता पाइप पुरून काय होणार! केमिकल आणि मेकॅनिकलवाल्यांनी हे पुस्तक आधी वाचावं, कारण पुढचं काम त्यांचं आहे. लेखिका कार्व्हरवर जरा जास्तच भक्तीने लिहितात, पण ते चालतं.

दर-बाजाराचा मुद्दा नीट कळायला अच्युत गोडबोले यांचं 'अर्थात' बरं. ते स्वतः आयआयटीचे केमिकल इंजिनिअर, त्यामुळे अर्थशास्त्र आपल्याला झेपेल असं सांगतात.

आता जरा अवघड पुस्तक. महात्मा फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' १८८३ साली लिहिलं. डोंगरातून वाहून जाणारी माती आणि पाणी अडवायला ताली-बंधारे बांधा, त्या कामाला रिकामे बसलेले शिपाई लावा, असं ते सरकारला सुचवतात. पाटबंधाऱ्याच्या गोऱ्या इंजिनिअरांनाही त्यांनी सोडलेलं नाही. वाक्यं मात्र अर्ध्या-अर्ध्या पानाची! माझ्यासारख्या कॉन्व्हेंटवाल्यांनी ती मोठ्याने वाचावीत. कानाला लगेच कळतात. रूममेट वैतागेल, इलाज नाही.

माझं सगळ्यात आवडतं 'युगान्त'. इरावती कर्वे मानवशास्त्रज्ञ होत्या. या पुस्तकाला १९६८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. महाभारतातल्या माणसांना त्या देव न मानता माणसं म्हणून तपासतात. मयसभेचं प्रकरण तर इंजिनिअरने वाचायलाच हवं. सभा बांधणाऱ्या मयाचं कौतुक आपण ऐकलेलं असतं, पण खांडववन जाळताना तिथले नाग आणि पशुपक्षी यांचं काय झालं, ते बाई विचारतात. आणि त्या फक्त पुराणात रमल्या नाहीत. कोयना धरणामुळे उठवलेल्या लोकांची पाहणी त्यांनी जाई निंबकरांबरोबर केली, ती १९६९ मध्ये प्रसिद्ध झाली. २०१९ आणि २०२१ च्या पुरात आपल्याकडचे लोक कोयनेच्या विसर्गाचे आकडे बघत बसले होते. त्या धरणाखाली कुणाची गावं गेली, हा विचार माझ्या मनात 'युगान्त' वाचून आला.

बाकीची झटपट सांगते. नंदा खरे हे पेशाने सिव्हिल इंजिनिअर. त्यांचं 'कहाणी मानवप्राण्याची' जाडजूड आहे, सुट्टीत घ्या. आकाशाची आवड असेल तर जयंत नारळीकरांचं 'आकाशाशी जडले नाते'. नारळीकरांचा जन्म कोल्हापूरचा, १९३८ चा. स्टाफरूमसाठी डॉ. अभय बंग यांचं 'माझा साक्षात्कारी हृदयरोग' (सर, रागावू नका).

आणि ज्यांना एवढं सगळं जड वाटतंय त्यांनी गोविंद पानसरे यांचं 'शिवाजी कोण होता?' घ्यावं. १९८८ चं छोटंसं पुस्तक, मुळात भाषण. रयतेच्या पिकाला आणि भाजीच्या देठाला धक्का न लावणारा राजा त्यात भेटतो. पानसरे कोल्हापूरचे, २०१५ मध्ये तिथेच त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. जयसिंगपूरहून कोल्हापूरला एसटीने जाता-येता हे पुस्तक वाचून होतं, खिडकीची जागा मिळाली तर.