मुलाला वसतिगृहात घालण्यापूर्वी

मुलगा शाळा चुकवू लागला, उलट बोलू लागला, की आपल्या बारामती-इंदापूर भागात सल्ला ठरलेला असतो: "होस्टेलला टाका, सुतासारखा सरळ होईल." चांगली वसतिगृहे आहेत, अभ्यासाची सवय ती लावतातही. परंतु ज्याची झोप उडाली आहे, जो जेवत नाही किंवा मरणाची भाषा करतो, त्याला शिस्तीची नव्हे, उपचारांची गरज असते, असे आम्हाला वाटते.

म्हणून पालकहो, प्रवेश अर्जाआधी डॉक्टर. बारामतीत २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तेथे मानसोपचारतज्ज्ञांना दाखवावे. टेलिमानसच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत बोलता येते, तेही मराठीतून.

"मुले सुधारून देतो" म्हणणारे निवासी केंद्र कोणी सुचवले तर २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा आठवावा. अठरा वर्षांखालील मुलाला उपचारासाठी दाखल करण्यापूर्वी दोन तज्ज्ञांनी त्याला स्वतंत्रपणे तपासावे लागते. पालक किंवा त्यांनी नेमलेली व्यक्ती सोबत राहते, आणि पालकांनी मागितल्यास मुलाला सोडावे लागते. अमेरिकेत अशा निवासी संस्थांमध्ये मुलांचे हाल झाले, तेव्हा डिसेंबर २०२४ मध्ये तेथेही कायदा करावा लागला.

केंद्रात गेल्यावर मुलासमोरच विचारावे: आठवड्यातून किती वेळा फोन? न कळवता भेटायला आलो तर? मार देता का? उत्तर देताना कोणी टाळाटाळ केली, तर मुलाला घेऊन सरळ परतीची एसटी धरावी.